इंग्रजीतील वादळवाचक शब्द : अर्थ आणि उपयोग



स्मरणिकेसाठी इंग्रजीच्या अभ्यासाविषयी काही लिहावे, असा संपादक मंडळाचा आग्रह होता. व्याकरणाचे नियम पाठ्यपुस्तकात आहेतच. म्हणून एखाद्या शब्दकुटुंबाची ओळख करून द्यावी असे आम्ही ठरविले आणि ते कुटुंब वादळाचे निवडले. या निवडीमागे एक प्रसंग आहे.

जून २०२० मध्ये टाळेबंदीमुळे वसतिगृह रिकामे होते. मुले आपापल्या गावी गेली होती. ३ जूनच्या दुपारी 'निसर्ग' चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस रायगडच्या किनाऱ्यावर आले. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. श्रीवर्धन तालुक्यातील आमचा एक विद्यार्थी त्या वेळी घरीच होता. काही महिन्यांनी वसतिगृह उघडल्यावर त्याने आम्हांस सांगितलेली हकीकत अशी : वादळाच्या आदल्या दिवशी त्याच्या वडिलांच्या मोबाईलवर कोणीतरी इंग्रजी सूचना पुढे पाठविली होती. आजोबा म्हणाले, "तू इंग्रजी शिकतोस ना, वाच बघू काय लिहिलंय." सूचनेत 'लँडफॉल' हा शब्द होता. मुलाने तो आम्ही शिकविल्याप्रमाणे फोडला. लँड म्हणजे जमीन, फॉल म्हणजे पडणे. "आजोबा, अलिबागकडे दरड कोसळणार आहे," असे त्याने सांगितले. यांच्या घरामागे डोंगर नाही आणि अलिबागही दूर, म्हणून मंडळी निर्धास्त झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रामपंचायतीची रिक्षा भोंगा लावून फिरली, तेव्हा कुठे ती शाळेच्या पक्क्या इमारतीत गेली. संध्याकाळी घरी येऊन पाहतात तो छपराचे पत्रे तिसऱ्या वाडीत पडलेले. कोणास इजा झाली नाही. मुलाला घरात कोणी बोलले नाही, पण त्याच्या मनाला ते लागून राहिले होते आणि ऐकल्यावर आमच्याही मनाला लागले. शब्द फोडायला आम्हीच शिकविले होते. फोडून न उलगडणारेही शब्द असतात, हे सांगायचे राहून गेले होते.

प्रथम त्या शब्दाचाच निकाल लावू. लँडफॉल हा मूळचा खलाशांचा शब्द. दीर्घ सागरप्रवासानंतर जहाजावरून प्रथम किनारा दिसणे किंवा जहाज किनाऱ्यास लागणे, यास ते लँडफॉल म्हणत. वादळही जहाजासारखे समुद्रावरूनच येते. म्हणून त्याचा केंद्रभाग जमिनीवर आला की त्यासही हाच शब्द लावू लागले. दरड कोसळण्यास लँडस्लाइड म्हणतात. (निवडणुकीत एखाद्या पक्षास प्रचंड बहुमत मिळाले तर त्यासही लँडस्लाइडच म्हणतात, हे जाता जाता.) 'फॉल' जोडून झालेले आणखी शब्द पाहा. रेनफॉल म्हणजे पर्जन्यमान. नाइटफॉल म्हणजे रात्र पडणे, तिथे मराठीतही रात्र 'पडते'च. विंडफॉल म्हणजे मात्र अनपेक्षित लाभ. वाऱ्याने झाडावरून आयते खाली पडलेले फळ, हा त्याचा मूळ अर्थ. वाटसरूच्या पायाशी सफरचंद पडले तर तो लाभ खरा. परंतु कोकणातल्या बागायतदारास मे महिन्यातील वाऱ्याने पडलेला आंबा दाखवून त्यास 'विंडफॉल' म्हणून पाहावे, तो काय म्हणेल हे सांगावयास नको. शब्द कोणाच्या अंगणात जन्मला यावर त्याचा अर्थ असा अवलंबून असतो.

आता 'स्टॉर्म'. हा शब्द जर्मानिक कुळातला असून ढवळणे या अर्थाच्या 'स्टर' या शब्दाचा आप्त मानला जातो. मराठीत 'वादळ' म्हटले की वारा डोळ्यांपुढे येतो. इंग्रजी 'स्टॉर्म' त्याहून सैल आहे. गडगडाटाचा पाऊस हा थंडरस्टॉर्म, धुळीचे वादळ हे डस्टस्टॉर्म, बर्फाचे ते स्नोस्टॉर्म आणि गारपीट हे हेलस्टॉर्म. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधील गारपीट ज्यांच्या शेतात झाली, त्या मराठवाड्यातील मुलांना हेलस्टॉर्मचा अर्थ आम्ही सांगावा असे काही उरत नाही. त्यांना एवढेच सांगतो की, 'ही हेल्स फ्रॉम लातूर' या वाक्यात गारा नाहीत. 'तो मूळचा लातूरचा' एवढाच त्याचा अर्थ.

बोलण्यातील सैल शब्द जहाजाच्या कप्तानास परवडत नाही. 'वारा जोराचा आहे' असे एकाने नोंदविले आणि दुसऱ्याने 'फार जोराचा' असे लिहिले, तर खरे काय समजावे? ब्रिटिश नौदलातील अधिकारी फ्रान्सिस ब्यूफोर्ट याने १८०५ च्या सुमारास वाऱ्याला शून्यापासून बारापर्यंत पायऱ्या लावून दिल्या. जहाजाच्या शिडांवर वाऱ्याचा काय परिणाम होतो हेच त्याने माप धरले. त्या मापाचे आजचे रूप असे : 'ब्रीझ' म्हणजे झुळुकेपासून जोराच्या वाऱ्यापर्यंतच्या पायऱ्या, आठवी पायरी 'गेल', म्हणजे ताशी ६२ ते ७४ किलोमीटर, दहावी 'स्टॉर्म', ८९ ते १०२ किलोमीटर, आणि बारावी 'हरिकेन', ११८ किलोमीटर व त्यापुढे. अठराव्या शतकातील इंग्रजी कवितेत 'गेल' हा शब्द मंद, सुखद वाऱ्यासाठीही येतो. कविता वाचताना आठवी पायरी लावाल तर कवीच्या बागेतील सारी फुले उडून जातील. आणि हवामानाची सूचना वाचताना कवितेतील अर्थ लावाल तर काय होईल, ते उघड आहे.

भारतीय हवामान खात्याच्या इंग्रजी पत्रकातील विशेषणेही अशीच मोजून लावलेली असतात. 'डिप्रेशन' हा शब्द पाहून आमच्या वर्गातील मुले हमखास 'नैराश्य' असे लिहितात. मनाचे डिप्रेशन निराळे, १९२९ नंतर जगभर आलेल्या मंदीचे डिप्रेशन निराळे. पत्रकातील डिप्रेशन म्हणजे ज्याच्या भोवतीचा वारा ताशी सुमारे ३१ ते ५० किलोमीटर वेगाने वाहतो, असे कमी दाबाचे क्षेत्र. तिन्हींत खाली दबणे हे समान आहे. 'सायक्लोनिक स्टॉर्म' हे नाव मिळण्यास वेग साधारण ६२ किलोमीटरांवर जावा लागतो. ८९ पासून पुढे त्यास 'सिव्हिअर' हे विशेषण लागते आणि ११८ पासून 'व्हेरी सिव्हिअर'. त्याच्याही वर दोन पायऱ्या आहेत. रोजच्या बोलण्यात 'व्हेरी' हा शब्द आपण मिठासारखा कोठेही टाकतो. पत्रकात त्या एका 'व्हेरी'साठी वाऱ्याला ठरलेली मर्यादा ओलांडावी लागते. 'निसर्ग' हे 'सिव्हिअर' होते, 'व्हेरी सिव्हिअर' नव्हते. तरी सुपारीच्या बागा मुळासकट आडव्या झाल्या.

हरिकेन, टायफून आणि सायक्लोन या तीन शब्दांत मुलांचा नेहमी गोंधळ होतो. तिन्हींनी दाखविली जाणारी वस्तू एकच आहे : उष्ण समुद्रावर जन्मणारे, केंद्राभोवती फिरणारे प्रचंड वादळ. फरक फक्त समुद्राचा. अटलांटिक व पूर्व पॅसिफिकमध्ये ते हरिकेन, वायव्य पॅसिफिकमध्ये म्हणजे फिलिपाईन्स, चीन, जपानकडे टायफून आणि आपल्या हिंदी महासागरात सायक्लोन. १९९४ मध्ये 'जॉन' नावाचे एक वादळ पॅसिफिक महासागर तुडवीत इतके पश्चिमेस गेले की वाटेत ते हरिकेनचे टायफून झाले, आणि मागे वळल्यावर पुन्हा हरिकेन झाले. वादळ तेच होते, रेघ ओलांडल्यावर शब्द बदलला एवढेच.

परंतु हे शब्द आले कोठून, ही गोष्ट अधिक गोड आहे. हरिकेन हा कॅरिबियन बेटांवरील ताइनो लोकांचा शब्द. स्पॅनिश लोकांनी त्यांची बेटे घेतली, त्यांची वस्ती जवळपास नष्ट झाली, आणि त्यांचा हा शब्द मात्र स्पॅनिशमधून इंग्रजीत जाऊन राहिला. टायफूनच्या मुळाविषयी विद्वानांत एकमत नाही. चिनी कँटनी बोलीतील 'मोठा वारा' या अर्थाचा शब्द, ग्रीकांचा टायफॉन आणि अरबी-फारसीतील 'तूफान' अशा तीन धारा त्यात मिसळल्या असे मानतात. त्यांतील तिसरी धारा आपल्या घरातूनही वाहते. आपण 'तुफान पाऊस', 'तुफान गर्दी' म्हणतो, तो हाच शब्द. अरबीत त्याचा अर्थ महापूर. आपले 'मोसमी वारे' आणि इंग्रजीतील 'मान्सून' हेही असेच नातलग; अरबी 'मौसिम' म्हणजे ऋतू. तो शब्द अरब खलाशांकडून पोर्तुगीजांकडे आणि तेथून इंग्रजांकडे गेला.

आणखी एक शब्द सांगतो, जो आज कोणी वापरत नाही, पण आम्हांस तो फार आवडतो. पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्याच्या अखेरीस येणाऱ्या वादळी पावसास पोर्तुगीज आणि मागाहून इंग्रज 'एलेफंटा' म्हणत. १८८६ साली निघालेल्या 'हॉब्सन-जॉब्सन' या प्रसिद्ध कोशात तो दिलेला आहे. मुंबईजवळच्या लेण्यांच्या बेटाशी या शब्दाचा संबंध नाही. हा आपल्या हस्त नक्षत्राचा पाऊस! हस्ताचा हत्ती झाला, आणि हत्तीचा एलेफंटा. भोंडल्याच्या पाटावर ज्याचे चित्र काढतात तो हत्ती असा इंग्रजी कोशात जाऊन बसला आहे. इंग्रजी ही साहेबाची भाषा, आपला तिच्याशी काय संबंध, असे ज्या मुलांना वाटते त्यांनी हा शब्द ध्यानात ठेवावा.

सायक्लोन हा शब्द तर भारतातच जन्मला. कलकत्त्यास हेन्री पिडिंग्टन नावाचा एक इंग्रज राहत असे. सागरी अपघातांची चौकशी करणाऱ्या न्यायालयाचा तो अध्यक्ष. बंगालच्या उपसागरात वादळात सापडलेल्या जहाजांच्या नोंदवह्या मिळवून तो कोणत्या जहाजावर कोणत्या वेळी कोणत्या दिशेचा वारा होता हे मांडत बसे. त्यातून वारा केंद्राभोवती वेटोळे घालीत फिरतो हे त्याला स्पष्ट दिसले. सापाच्या वेटोळ्याचा अर्थ असलेल्या ग्रीक शब्दावरून त्याने 'सायक्लोन' हा शब्द घडविला आणि १८४८ च्या आपल्या खलाशांसाठी लिहिलेल्या पुस्तकात तो रूढ केला. मराठीतील 'चक्रीवादळ' हा शब्दही तेच फिरणे दाखवितो.

याच पिडिंग्टनने १८५३ मध्ये गव्हर्नर जनरल डलहौसी यांस एक जाहीर पत्र लिहिले. कलकत्त्याच्या दक्षिणेस मातला नदीवर सरकार नवे बंदर उभारीत होते. त्याने कळविले की, या जागी वादळाबरोबर समुद्राचे पाणी आत घुसेल आणि सारे बुडवील. त्याचे कोणी ऐकले नाही. बंदर बांधले गेले, त्यास पोर्ट कॅनिंग हे नाव मिळाले आणि १८६७ च्या वादळात समुद्राचे पाणी खरोखरच त्यावर चालून आले. बंदर त्यातून सावरले नाही. हे पाहावयास पिडिंग्टन हयात नव्हता. १८५८ मध्येच तो वारला होता. त्याचा शब्द साऱ्या जगाने उचलला, सल्ला मात्र पडून राहिला.

समुद्राचे पाणी असे आत घुसण्यास आज इंग्रजीत 'स्टॉर्म सर्ज' म्हणतात, आणि या लेखातील सर्वांत महत्त्वाचा शब्द आमच्या मते हाच. ८ नोव्हेंबर २०१३ रोजी 'हैयान' हे टायफून फिलिपाईन्सवर आदळले. वादळ येणार हे ठाऊक होते. सूचना आधीच दिलेल्या होत्या आणि त्यांत 'स्टॉर्म सर्ज' हा शब्दही होता. ताक्लोबान शहरातील लोकांनी तो ऐकला. मोठा वारा, मोठा पाऊस याची त्यांना सवय. त्यातलाच हा काही प्रकार असेल असे अनेकांना वाटले. समुद्र काही ठिकाणी पाच मीटरांहून उंच चढून शहरात शिरला. त्या वादळात सहा हजारांहून अधिक माणसे दगावली. पुढे वाचलेल्यांपैकी आणि अधिकाऱ्यांपैकीही अनेक जण म्हणाले की, 'त्सुनामी येत आहे' असे सांगितले असते तर लोक पळाले असते. शास्त्राच्या दृष्टीने तो शब्द चुकीचा ठरला असता, कारण त्सुनामी समुद्रतळाच्या भूकंपादी कारणांनी उठते, वाऱ्याने नव्हे. पण अचूक शब्द कानावर पडूनही त्याचा अर्थ लोकांच्या डोळ्यांपुढे उभा राहिला नाही.

मग मराठीत स्टॉर्म सर्जला काय म्हणावे? वर्गात आम्ही हा प्रश्न टाकला तेव्हा बहुतेकांनी 'उधाण' असे उत्तर दिले. मासेमारी करणाऱ्या घरातील एक मुलगी उठून म्हणाली, "गुरुजी, उधाण तर दर अमावास्या-पौर्णिमेला येतं. उधाण म्हटलं तर आमच्याकडे कोणी जागचं हलणार नाही." ती बरोबर होती. उधाणाची वेळ ठरलेली असते. होडी कधी वर ओढायची हे कोळ्याला ठाऊक असते. वादळाने ढकलून आणलेले पाणी वेळापत्रक पाळत नाही, आणि ते उधाणाच्याच वेळी आले तर दोन्हींची उंची एकत्र होते. म्हणून नेमका एक शब्द शोधण्याच्या हट्टापेक्षा 'वादळ समुद्राचे पाणी गावात ढकलणार आहे' असे पुरे वाक्य सांगावे, असे आम्ही ठरविले. एका शब्दाचे भाषांतर एकाच शब्दात व्हावे असा कोठे नियम आहे? नुसता 'सर्ज' मात्र इतरत्रही भेटेल. किमतींतील किंवा रुग्णसंख्येतील अचानक मोठी वाढ म्हणजे सर्ज.

असाच दुसरा फसवा शब्दसमूह 'आय ऑफ द स्टॉर्म', वादळाचा डोळा. एखादा पुढारी टीकेच्या भडिमारात सापडला की इंग्रजी वर्तमानपत्रे तो वादळाच्या डोळ्यात आहे असे लिहितात. वस्तुतः डोळा हीच चक्रीवादळातील शांत जागा. तेथे वारा पडतो, कधी कधी निळे आकाशही दिसते. सप्टेंबर १९२६ मध्ये अमेरिकेतील मायामी शहरावरून वादळाचा डोळा गेला. तेथे नव्याने येऊन राहिलेल्या अनेकांनी असे वादळ कधी पाहिले नव्हते. वादळ संपले असे समजून ते रस्त्यावर आले, पडझड पाहू लागले. थोड्याच वेळात उलट दिशेने वारा सुटला आणि उघड्यावर सापडलेले कितीतरी जण प्राणास मुकले. परीक्षेत 'आय ऑफ द स्टॉर्म' म्हणजे 'संकटाचा मध्य' असे लिहिलेत तर गुण मिळतील. किनाऱ्यावर राहत असाल तर दुसरा अर्थही पाठ असू द्या.

टॉर्नेडोविषयी थोडक्यात सांगतो. तो चक्रीवादळाहून निराळा : मेघगर्जनेच्या ढगातून जमिनीपर्यंत उतरणारा, अरुंद, सोंडेसारखा भोवरा, काही मिनिटांचा, पण भयंकर. आपली वावटळ दिसावयास तशीच, पण ती तापलेल्या जमिनीवरून उठते आणि पुष्कळच सौम्य असते. अमेरिकेच्या मैदानी भागात पूर्वी टॉर्नेडोसही सायक्लोनच म्हणत; म्हणून १९०० सालच्या 'विझार्ड ऑफ ऑझ' या बालकादंबरीत डोरोथीचे घर उडवून नेणारे वादळ 'सायक्लोन' आहे. 'टेम्पेस्ट' हा लॅटिन वळणाचा शब्द आता ग्रंथांतच उरला आहे. क्षुल्लक गोष्टीवरून माजलेल्या गोंधळास इंग्रज 'स्टॉर्म इन अ टीकप' म्हणतो, तेव्हा अमेरिकन माणूस 'टेम्पेस्ट इन अ टीपॉट' म्हणतो. तेवढा त्याचा बोलण्यातील संसार. आपणही चहाच्या पेल्यातील वादळ म्हणू लागलो आहोत.

वाक्प्रचारांत 'टू टेक बाय स्टॉर्म' हा मूळ लढाईतला : एकदम हल्ला चढवून किल्ला सर करणे. पुढे गायकाने सभा जिंकली तरी तोच लागला. 'टू वेदर द स्टॉर्म' मध्ये 'वेदर' हे नाम नसून क्रियापद आहे. संकट सोसून तगणे, असा त्याचा अर्थ. 'ब्रेनस्टॉर्मिंग' म्हणजे डोक्यातील वादळ असे कोणी लिहू नये. आपला 'विचारमंथन' हा शब्द त्याहून सुंदर आहे. 'बोल्ट फ्रॉम द ब्लू' मधील निळे म्हणजे निरभ्र आकाश; ध्यानीमनी नसता वीज कोसळावी तसे. दुसऱ्याचे श्रेय पळविण्यास 'स्टील समवन्स थंडर' म्हणतात. १७०९ मध्ये जॉन डेनिस या नाटककाराने आपल्या नाटकासाठी मेघगर्जनेचा आवाज काढण्याची युक्ती शोधली. नाटक पडले, पण त्याच नाट्यगृहाने ती युक्ती दुसऱ्याच्या नाटकात वापरली, आणि डेनिसने केलेल्या तक्रारीतून हा वाक्प्रचार आला असे सांगतात. आणि वीज या अर्थाचे 'लाइटनिंग' लिहिताना 'टी'नंतर 'ई' घालू नका. 'ई' घातलेत की त्याचा अर्थ 'हलके करणे' किंवा 'उजळ करणे' असा होतो. उत्तरपत्रिकांत ही चूक आम्ही दरवर्षी पाहतो.

शेवटी सूचनांतील तीन शब्द. 'वॉच' म्हणजे येथे घड्याळ नव्हे. लक्ष ठेवा, वादळ होण्याचा संभव आहे. आपल्याकडे ही पूर्वसूचना सुमारे ७२ तास आधी निघते. 'अलर्ट' हा किनाऱ्यावर वाईट हवामान सुरू होण्याच्या किमान ४८ तास आधीचा आणि 'वॉर्निंग' ही किमान २४ तास आधीची. तिन्हींचे भाषांतर 'इशारा' असेच केले, तर घरच्या माणसाला हातात किती वेळ आहे हे कळत नाही.

मे २०२१ मध्ये 'तौक्ते' आले. म्यानमारने दिलेल्या या नावाचा अर्थ पाल. वसतिगृह पुन्हा बंद होते. १६ तारखेस श्रीवर्धनच्या त्या विद्यार्थ्याचा आम्हांस फोन आला. "गुरुजी, लँडफॉल गुजरातेत आहे, आपल्याकडे नाही. पण आपल्या किनाऱ्यासाठी 'गेल विंड' लिहिलंय. म्हणजे आठवी पायरी ना?" आम्ही होय म्हणालो. त्याने फोन तसाच धरून आजोबांना हाक मारली आणि पत्र्यांवर दोर आजच टाकायला सांगितले.